वाटेतला माल

त्रिएस्तेत आज बोरा सुटलाय.
बंदरावरच्या स्कूटर एकीवर एक आडव्या.
मी खिडकी लावून घेते
आणि स्क्रीनवर झाड लावायला बसते.

सॉफ्टवेअर त्याला झाडच म्हणतं.
खोड म्हणजे आमचा समूह,
फांद्या तीन: इथली भट्टी, कोपरचं कोठार,
आणि दूर नोवी साडची दुकानं,
जिथे नफा दिनारात पिकतो
आणि वर्षाच्या सरासरी भावानं युरोत उतरतो,
थोडा वाळून.

आधी ओळी.
विक्री. विकलेल्या मालाची किंमत. पगार, भाडं, वीज.
वाहतुकीपाशी अडले.
एकच ट्रक; इथे तो विक्रीचा खर्च,
कोपरात खरेदीचा,
नोवी साडला नुसतंच 'इतर'.
तिन्हीकडे फोन केले. तिघींचंही बरोबर.
शेवटी मीच एक ओळ आखली
आणि रुसलेल्या पाहुण्यांना बसवावं
तसं तिघींना एका पंगतीत बसवलं.

मग वजाबाकीचा रकाना.
हा मला आवडतो, का ते विचारू नका.
आम्ही नोवी साडला कॉफी विकली,
आमची विक्री, त्यांची खरेदी;
वरून पाहिलं तर कुणी कुणाला काहीच विकलं नाही,
या खिशातलं त्या खिशात.
त्यांच्या फडताळावर अजून पडून असलेल्या पोत्यांतला
आमचा नफाही उपसून काढायचा:
परक्याच्या कपात उतरेपर्यंत
तो नफा नव्हेच.

बटण दाबलं.
शून्य यायचं तिथे
अठरा हजार सहाशे.

हातचा राहिला? दर चुकला?
ऋणाची आडवी रेघ कुठे गळली?
तीन तास ताळा घेतला.
तुल्लिओ दारात डोकावून गेला:
"एकच आकडा हवाय मला, निवेस. शुक्रवारपर्यंत."
जणू तो माझ्या खणात आहे
आणि मी देत नाहीये.

अंधार पडल्यावर नोवी साडची देसांका
भलत्याच गोष्टी बोलता बोलता म्हणाली,
एकतीस डिसेंबरला तुमचा ट्रक निघाला ना,
तो सीमेवर बर्फात अडकला होता.
राडिवोयेनं नवं वर्ष केबिनमध्ये काढलं,
इंजिन चालू कर, बंद कर,
मागे बासष्ट पोती.
पोचला तो दोन तारखेला.

तीनशेनं बासष्ट. अठरा हजार सहाशे.
आमच्या वहीत ती गेलेली,
त्यांच्या वहीत न आलेली,
आणि दोन्ही वह्या खऱ्या.
त्या रात्री ती पोती कुठल्याच फांदीची नव्हती.
एका माणसाच्या पाठीशी होती, एवढंच.

'वाटेतला माल' अशी ओळ उघडली.
पोती मोजून तिच्यात उतरवली.
रकाना मुकाट्यानं शून्यावर आला.

उठणार होते.
पण वाहतुकीची ओळ पुन्हा उलगडली, तारखेनं चाळली.
त्या रात्रीचा भत्ता कुणीच लावलेला नाही.
आम्हाला वाटलं ते देतील,
त्यांना वाटलं आम्ही.

आता मी तो लावतेय, भट्टीच्या फांदीवर.
एकतिसाची रात्र या वर्षात,
पहिलीची पुढच्या.
तुल्लिओच्या आकड्याला ते कळणारही नाही,
तो हजारांत दाखवायचाय.