ओल्या सीटा

वीजबिलाच्या कोऱ्या पाठीवर
नरजंग मुक्तिनाथचा बेत मांडतो आहे.
चष्म्याची एक काडी सुतळीची,
पेन्सिल माझ्या शिवणाच्या डब्यातली,
ओळी रस्त्यासारख्या, घाट लागला की वाकड्या.

दसैं सरल्यावर, थंडी चावायच्या आत.
बेनीहून पहाटे पाचला निघायचं.
तातोपानीला चहा; वडे नकोत, तेल जुनं असतं.
रुप्से धबधब्यापाशी काचा वर.
घासाच्या चौकीत गाडीचे कागद...
थांबतो. खोडतो.
कागद आता दुसऱ्याच्या गाडीचे असणार.

बावीस वर्षं त्यानं हा रस्ता हाकला.
जनकपूरचे व्यापारी, तेलुगू आजीबाया,
हातभर हिरव्या चुड्यांच्या नव्या सुना,
सगळ्यांना काली गंडकीच्या काठाकाठानं
वर नेलं, खाली आणलं.
कुठला कडा कधी सुटतो,
जोमसोमचा वारा किती वाजता उठतो
(अकराच्या आत पोचायचं, मग तो खडे मारतो)
हे त्याच्या तळहाताला पाठ आहे.

जावई म्हणाला, पोखऱ्याहून विमानानं जा,
वीस मिनिटांत जोमसोम.
नरजंग म्हणाला, वीस मिनिटांत
माझी पापं तरी आठवून होतील का?

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, एका दिवसात एवढी उंची नको.
म्हणून एक मुक्काम कालोपानीला, एक मार्फात.
मार्फाची वाळवलेली सफरचंदं
यादीत दोनदा आली आहेत.
कागबेनीला सासूबाईंचा पिंड, तो राहूनच गेलाय.
हृदयाच्या गोळ्या, कानटोप्या, कोरडे कपडे.
मी विचारते, आणि रानीपौवाच्या पुढे?

पेन्सिल उभी राहते
हँडब्रेक ओढल्यासारखी.

रानीपौवाला गाडी लावायची.
चाकाला दगड द्यायचा.
वर जायचं ते लोकांनी.
त्यानं बॉनेट उघडायचं, नाहीतर टोपी तोंडावर घेऊन पडायचं.
एकदा डिझेल चोरीला गेलं होतं,
तेव्हापासून तर हललाच नाही.
पायऱ्या किती, ठाऊक नाही.
एकशे आठ धारा, ऐकून.
देव त्याच्यापर्यंत यायचा तो असा:
ओल्या केसांतून, पिळलेल्या धोतरांतून,
टपकत्या पदरांतून, थेट नव्या रेक्झिनवर.
हा करवादायचा. मुक्ती तुमची, सीट माझी!
मग निळं प्लास्टिक अंथरू लागला.

तरी बेनीला येईस्तोवर
शिवणीत मुरलेलं थोडं उरायचंच.
रात्री कंदील धरून मी ते पुसायचे.
एकदा थोरली तापानं फणफणली होती,
तेव्हा तेच फडकं, न धुता,
तिच्या कपाळावर ठेवलं.
डिझेलचा वास होता त्याला.
ताप उतरला, आपोआप असेल.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.

भक्तराजच्या जीपमध्ये दोन सीटा ठरल्या.
तो ह्याचाच जुना क्लीनर; पैसे घेईना.
नरजंग त्याच्यावर ओरडला,
पुरं भाडं घे, आम्ही यात्रेकरू आहोत!
आणि मग मागची सीट मागून घेतली,
पुढं बसलो तर पाय ब्रेक शोधेल म्हणाला.

काल रात्री पिशवी चाचपली.
तळाशी घडी घातलेलं निळं प्लास्टिक,
दोन माणसांच्या रुंदीचं.
मी ते बाहेर काढलं.
थोडा वेळ मांडीवर ठेवलं.
परत आत सरकवलं.

मग बिल शोधलं,
आणि जिथं पेन्सिल थांबली होती तिथं
प्रौढवर्गात गिरवलेल्या माझ्या जाड अक्षरात लिहिलं:
गाडीपाशी कुणी थांबायचं नाही.