अकराव्या गाण्यातली खुर्ची

मुखपृष्ठावर नटीचा चेहरा आहे.
आतला गळा ऑर्तांस व्हालमीचा,
तिला मातीआड होऊन एकोणतीस वर्षं झाली.
आणि मागे, किमतीच्या जरा वर,
मुंगीएवढ्या अक्षरांत मी:
ध्वनिशुद्धी.
तांदूळ निवडायला बसवावं कुणाला, तसं.

तसंच होतं म्हणा ते.
मोंत्रयचं तळघर, भिंतींना फोम, खिडकी नाही.
सिनेमावाल्यांनी टेपांची खोकी आणून आदळली.
एका डब्यावर कॉफीचा गोल डाग,
एकावर कुणाचा तरी फोन नंबर, सहाच आकडी.
मी खडे वेचत गेले.
हा खोकला.
ही बाहेरून गेलेली मोटारसायकल.
हा तिनं ओठ विलग केल्याचा ओला, बारका आवाज.
हा काढू? विचारलं.
राहू दे, मादाम सेगँ म्हणाल्या, लोकांना आवडतं.

आणि प्रत्येक ओळीच्या आधी
करकर.
लाकडाची. पुसट.
माझे कान तिखट, म्हणून तर मला घेतलेलं.
एकोणीस गाण्यांत मिळून एकशे बेचाळीस.
सगळ्या काढल्या.
मग ती गायला लागली ती थेट शांततेतून,
आणि मी दिवा मालवून घरी गेले.

सिनेमा चालला. लोक रडले.
नटीनं ओठ इतके बेमालूम हलवले होते
की तिच्या आईनंच विचारलं म्हणे,
कधी शिकलीस गं गायला?

एका कागदावर सही हवी होती, तेवढ्यासाठी
मला रुबेला धाडलं.
फिर्मँ दलात्र, वय अठ्ठ्याऐंशी.
बावीस वर्षं तिच्या मागे अकॉर्डियन.
वृद्धाश्रमात सुपाचा वास, खोली नऊ.
कानातली यंत्रं बशीत ठेवलेली,
ती त्यांनी चढवली,
बाहेर जाताना बूट चढवावेत तशी.

अल्बम लावला.
गुडघ्यावरची बोटं नसलेली बटणं दाबत राहिली.
तिसरं गाणं. सातवं.
अकराव्याला बोटं थांबली.
"माझी खुर्ची कुठाय?"

मला वाटलं, बसून अवघडलेत.
कोपऱ्यातली खुर्ची ओढून आणली.
ही नव्हे, म्हणाले.
मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं:
ती डोळे मिटून उभी राहायची.
मी वजन डाव्या कुल्ल्यावर टाकायचो,
खुर्ची करकरायची,
आणि ती श्वास घ्यायची.
खुणेची भाषा वगैरे काही नाही, पोरी.
खुर्ची जुनी होती, एवढंच.
लियाँला एकदा कुणा भल्या माणसानं
तिच्या सांध्यांत तेल सोडलं.
त्या रात्री ऑर्तांस नुसती उभी राहिली.
मी वाजवतोय, वाजवतोय,
तिला गाण्यात शिरायला दारच सापडेना.
लोकांना वाटलं, काय हे दुःख!
इतक्या टाळ्या तिला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत.

हसले. मग हसायचे थांबले.
यंत्राकडे बोट करून म्हणाले,
"आता ही कुणाला विचारून गातेय?"

सही वाकडी आली. चालेल, म्हटलं.

काढलेलं मी टाकून देत नाही.
'कचरा' नावाच्या कप्प्यात सगळं असतं,
आपापल्या वेळेवर.
त्या रात्री तोच कप्पा लावला, गाण्याशिवाय.
करकर.
मग एका ओळीएवढं काहीच नाही.
करकर.
शेजारच्या स्टुडिओतला मुलगा दार उघडून म्हणाला,
कुणी आहे का इथे?

मादाम सेगँना विचारलं.
वेड लागलंय का, म्हणाल्या, माल परत येईल.

दुसऱ्या आवृत्तीत, अकराव्या गाण्यात,
शेवटच्या कडव्याआधी
मी एक परत ठेवली.
कुणाला न सांगता. एकच.

लिमोजहून एका बाईंचं पत्र आलं:
माझी प्रत सदोष आहे, बदलून द्यावी.
कंपनीनं तत्परतेनं दुसरी पाठवली.

तीही करकरते.