अनशापोटी नाही

सिस्टर पेलाजी म्हणाली, अनशापोटी नाही.
आधी ताटली, मग गोळी.
ताटली पुसलेली मी माझ्या डोळ्यांनी बघणार,
मग जीभ उचलून दाखवायची.

पहिले चार दिवस तीन-तीन,
पुढचे सहा दिवस दोन-दोन.
मी बोटांवर मोजलं. चोवीस.
चोवीस गोळ्यांना दहा ताटल्या,
आणि माझ्याजवळ कसाव्याचं अर्धं पोतं,
तेही ओल लागलेलं.

तुझ्या भावाच्या वेळी गोळी नव्हती.
लुकोंबोच्या शिरेत सोमल सोडायचे,
काचेच्या पिचकारीने,
कारण प्लॅस्टिक त्याने विरघळायचं.
चौघांनी धरलं होतं त्याला, मी पायांशी.
आत मिरची पेटवलीय म्हणायचा.
आठव्या दिवशी आकडी आली.
चटईत गुंडाळून होडीने घरी आणला,
वल्हं तूच मारत होतास.

म्हणून तुला इथं आणायला
मला भुईमुगाची दोन पिकं लागली.

दोन पिकं तू दिवसा झोपलास,
घास गालात तसाच.
रात्री उठून भिंतीशी भांडलास,
शेजाऱ्याच्या कोंबड्या खुराड्यातून सोडल्यास,
नदीत उभा राहिलास गळ्याइतक्या पाण्यात.
तुझी आई म्हणाली, हिनेच काही खायला घातलं.
बकरी गेली, मांत्रिक गेला,
गुण काही आला नाही.
आणि मग त्या रात्री
मुसळ.

तिसऱ्या दिवशी तू ओकलास.
गोळ्या पडल्या की काय, म्हणून मी काडीने चाचपलं.
सिस्टर हसली नाही. तिनेही वाकून पाहिलं.

सहाव्या दिवशी पोतं संपलं.
क्वीलूच्या काठी निळी फडकी टांगलीत, औषध लावून.
त्या माशीला निळा रंग आवडतो म्हणे,
येते, टेकते, मरते.
माझं लग्नातलं कापडही निळंच.
ते दिलं,
दोन सुके मासे आणि बाटलीभर पामतेल आणलं.
तू काटेसुद्धा चघळलेस.
मी तेलाची बाटली बोटाने चाटली.

दहाव्या दिवशी कोंबडं आरवलं
आणि तू त्याच्या आधी जागा.
म्हणालास, आज बाजाराचा वार ना?
खाटेवर बसून स्वतःच्या चपला शोधल्यास.
सिस्टरने कागदावर खूण केली.
सहा महिन्यांनी परत या, पाठीत सुई घालून पाणी बघू.
आणि मग तू माझ्याकडे पाहिलंस,
दोन वर्षांनी, नीट,
भुवईवरच्या वणावर बोट ठेवलंस.
हे कशानं?

मुसळ लागलं, मी म्हटलं.
खोटं नव्हतं.

सांभाळून कुटत जा, म्हणालास,
आणि चपला घातल्यास.

आता तू रात्री झोपतोस, माणसासारखा,
हलकं घोरतोस.
गोळ्यांची रिकामी पाकिटं मी छपरात खोचून ठेवलीत.
वारा आला की ती चुरचुरतात.
मला ऐकू येतात.
मुसळ मी दाराबाहेर ठेवते,
आणि मधेच उठून
ते तिथंच आहे ना, बघून येते.