करकर

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर
म्हशीपुढं रेडकू बांधलेलं दिसलं.
जवळ गेले तर नुसतं कातडं, आत पिंजर भरलेली.
म्हैस त्याला चाटत होती आणि पान्हा सोडत होती.
माझ्या हातात पेला, कोमट, फेसानं काठोकाठ.
तो मी कठड्यावर ठेवला.

घरात चेष्टा झाली.
सासरे म्हणाले, "कोल्हापुरात ऱ्हाऊन दूध न्हाई?
मग पाणी कसं पितीस गं? त्यात बी जीव असत्यात की."
सगळे हसले, मीही हसले.
तो जीव मात्र घशात अडकला तो अडकलाच.

दुधामागोमाग चप्पल गेली.
लग्नातली कापशी, सुभाषनगरातून करून घेतलेली,
तळाच्या दोन पदरांत विंचू घातलेला;
आधी करकर गल्लीत शिरायची,
मागनं मी.
तिला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं
आणि फोनवरून दुसरी मागवली.
खोक्यावर हिरवं पान, खाली लिहिलेलं:
कुठल्याही प्राण्याला इजा न करता.

चार महिन्यांत पट्टा तुटला.

तानूबाई सातपुतेनं चप्पल उलटीपालटी केली,
नाकाशी नेली.
"हे टाका धरत न्हाई, बाई. सुई गेली की भोक,
अन् भोकाची फट. कशाचं म्हणायचं हे?"
मी म्हणाले, कातडं नाही ते.
"ते कळलंच," ती म्हणाली.
तिची नखं बाभळीच्या सालीनं काळी पडलेली,
मांडीवर अर्धी वेणी, पुरी व्हायची.
सून आता शिरोलीला फौंड्रीत जाते म्हणाली,
वेण्या घालायला कोण बसतंय.
"आमी काय जनावर मारत न्हाई वो.
मेल्यावर आमाला बोलवत होती."
होती.
आता कातडी मद्रासहून ट्रकनं येतात.
तिथली म्हैस म्हातारी होती की नव्हती,
तिला ठाऊक नाही, मला तर नाहीच.
मी विचारलं नाही.
तिनंही माझ्याकडून पैसे घेतले नाहीत,
काम झालंच नव्हतं ना.

घरी काळा चहा केला, गुळाचा.
वडणग्याच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या एकदा सांगत होता,
तुटल्या फडाचा पाला पेटवला
तेव्हा एक ससा बाहेर आला,
बांधावर थांबला,
आणि परत आत गेला.
"आत काय असंल त्येचं," म्हणाला,
आणि काहिलीवरची मळी काढायला वळला.
मी त्या दिवशी पाच किलोची ढेप घेतली होती.
अजून संपलेली नाही.

तुटक्या चपलेला घरीच खिळा ठोकला.
संध्याकाळी रंकाळ्यावर त्याच पायांनी फिरायला गेले,
दिवे अजून लागायचे होते.
पायाखाली काहीतरी मऊ आलं, आणि मऊ राहिलं नाही.
बेडूक. अंगठ्याएवढा.
रबरी तळाला आवाज नसतो.
करकर ऐकून तो सरकला असता का?
कोण जाणे. बेडकाला काय कळतं
कोण येतंय, कुठल्या विचारानं येतंय.
मी कठड्याला तळ घासत राहिले
आणि भेळवाला माझ्याकडं बघत राहिला.

रात्री शिडी लावून माळ्यावर चढले.
कापशीवर बुरशी धरली होती,
तरी अंगठ्याचा खड्डा तसाच, माझ्या मापाचा.
खोबरेल चोळलं.
चोळताना ती हळूहळू गडद होत गेली,
जनावराच्या पाठीवर पाणी ओतावं तशी,
आणि मला हात आखडता घ्यावासा वाटला.
घेतला नाही.
पायात घातली नाही. टाकलीही नाही.
उंबऱ्याशी ठेवून दिली.

सकाळी सासरे तिला अडखळले.
"कुणाची गं ही?"
गॅसवर चहा उतू चालला होता.
मी तो बंद करायला गेले.