परांची

एप्रिलमध्ये मला सेक्रेटरी केलं.
म्हणजे बाकीच्यांनी चपलांकडे पाहिलं
आणि मी तेवढी पंख्याकडे बघत होते.
रेवंडकरांनी चाव्यांचा जुडगा हातात दिला,
टाकीची, गच्चीची, मीटरच्या खोलीची,
आणि एक, जी कशाची ते कुणालाच ठाऊक नाही.
"असू द्या," म्हणाले, "फेकवत नाही."

ऑडिटला आलेल्या पोराकडे लहानशी हातोडी होती.
खांबाला ठकठक करून तो कान लावायचा,
कलिंगड घेताना आमचे हे लावतात तसा.
हा बरा. हा पोकळ. हाही पोकळ.
गंजली की सळई फुगते, बाई, तो म्हणाला,
आणि आतून काँक्रीट ढकलते.
मला इतकी वर्षं वाटायचं,
गंजलेलं झिजत जातं.

नेरुळची सिडकोची बिल्डिंग, चार मजले, सोळा बिऱ्हाडं.
घरटी एक लाख नव्वद हजार, असं मी वाचलं
तेव्हा सभेत फक्त कुणाच्या तरी घरचा मिक्सर बोलला.
फुलझेल्यांनी पुढच्या तारखांचे बारा चेक दिले, न मागता.
सोनटक्के म्हणाले, आधी आमचा नळ.
कुरियनच्या ओट्यावर सोनटक्क्यांच्या न्हाणीघराचं पाणी,
सोनटक्क्यांच्या छतावर गच्चीचं,
गळती खाली जात राहिली, तक्रारी वर,
आणि मी जिन्यात, दोन्हींच्या मध्ये, पावतीपुस्तक घेऊन.

तीनशे दोन. धोपेश्वरकर.
एकेचाळीस महिने थकलेले.
बेलची वायर त्यांनीच काढलेली,
नोटीस दाराखालून सारली की
आतून कुणीतरी ती अलगद ओढून घ्यायचं.
एवढाच आमचा पत्रव्यवहार.

नोव्हेंबरात परांची चढली,
बांबूला बांबू, काथ्याची गाठ,
आमच्या खिडक्यांसमोरून माणसांचे पाय चालू लागले.
मालद्याचा तोफज्जुल तिसऱ्या मजल्यावर पुट्टी घासायचा.
एकदा रस्त्यापलीकडून मी सिमेंटच्या गोण्या मोजत होते
आणि ग्रिलमधून एक हात बाहेर आला,
हातात स्टीलचा पेला, वाफ दिसेल इतका गरम.
रोज अकराला, वॉचमन म्हणाला, तुम्हाला माहीत नाही?

काय बोलता रे, मी तोफज्जुलला विचारलं.
"कुछ नहीं. पूछते हैं, आज कौन सी दीवार.
मैं बता देता हूँ."

वसुलीची नोटीस टाइप होऊन पर्समध्ये होती.
ती पर्समध्येच राहिली, किराणाच्या यादीला चिकटली.
आणि हे इतिवृत्तात नाही:
काम संपत आलं तेव्हा भानुशाली ठेकेदाराला मी म्हटलं,
तिसऱ्या मजल्याला आणखी एक हात द्या पुट्टीचा.
गरज नाही, तो म्हणाला.
द्या, मी म्हटलं.
अकराशे रुपये, किरकोळ खर्च.

फेब्रुवारीत गाठी कापल्या.
बांबू खाली येताना इतका आवाज झाला
की फुलझेल्यांची नात रडायला लागली.
मग बिल्डिंग एकदम उघडी दिसली,
फिकट, न्हाव्याकडून आलेल्या माणसासारखी.
रंग कुणालाच आवडला नाही. सर्वानुमते मंजूर झाला होता.

दुसऱ्या दिवशी अकराला मी खाली उभी राहिले, उगाच.
हात बाहेर आला. पेला.
समोर नुसती हवा.
बऱ्याच वेळाने हात आत गेला.

तिसऱ्या दिवशी मी जिना चढले.
नोटीस नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं,
चाव्या तेवढ्या सवयीने हातात.
दार ठोठावलं. आत पावलं आली, थांबली.
"आज कोणती भिंत?"

मी काही ठरवून गेले नव्हते.
भिंती संपल्या होत्या सगळ्या.
"टाकी," म्हटलं. "आज टाकी धुताहेत."
"वरची की खालची?"
"खालची."
थोडा वेळ काहीच नाही. मग साखळीचा आवाज.

थकबाकी आता पंचेचाळीस महिने.
ताळेबंदात उजव्या बाजूला दाखवली आहे, येणे म्हणून.
उद्या सभा आहे. किरकोळ खर्चावर
सोनटक्के नक्की विचारतील.