तेल किती पाजायचं

गोकुळ शिरगावच्या प्रयोगशाळेत
सायट्रेट वीस टक्के घातलं, तर
कण एकमेकांना धरून बसले
दमट डब्यातल्या चिक्कीसारखे.
पाच टक्क्यांना पापुद्रा तडकला :
दोन तास आम्लात तगायचा होता,
चाळिसाव्या मिनिटाला औषध बाहेर.
वहीत लिहिलं, नापास. खाली सही, श. सातपुते.

सुभाषनगरात अण्णा रापीनं तळवा कापत होते.
विचारलं, चामड्याला तेल किती?
"ते चामडंच सांगतंय.
कमी पडलं की वाकवताना पिचतंय,
लई पाजलंस की अंगठा धरत न्हाई."
मग, मान वर न करता,
"तुझी ती पित्ताची गोळी
सकाळी दातानं फोडून खाल्ली बघ.
कडूजार."

मी ओरडले. अहो, ते वरचं कवचच तर
जठरातनं तिला जपून नेतं,
पुढं आतड्यात गेल्यावर आपण विरघळतं,
त्याच्यासाठीच तर माझी
दीड वर्षं—

त्यांनी हातातली वादी एकदा वाकवली,
कानाशी नेली.

सोमवारी बारा टक्के घालून बघणार आहे.
कानाशी काय न्यायचं,
ते अजून कळत नाही.