गुडघ्याला पाणी

अंबडची दुसरी पाळी सुटली की
हाताला कटिंग ऑइलचा वास असतो,
काचेवर बोट ठरत नाही नीट.
तरी रात्री एक ते तीन मी नदी बनवतो.

गेम साधा आहे. गोदाघाट, बुधवारचा बाजार.
गंगापूरमधून पाणी सोडलंय
आणि तुम्हाला माल हलवायचाय,
मिरच्यांची पोती, बादल्या, वजनकाटा,
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागायच्या आत.
छातीला लागलं की संपलं.

अ‍ॅप फुकट आहे. कोड यायला नको,
ओढा आणि सोडा.
त्यांच्या दुकानात ड्रॅगन अठरा होते, मारुती एकही नाही.
तो मी चौकोनाला चौकोन जोडून केला,
दोन्ही तोंडं, नऊ रात्री.

लाट मात्र विकत. एकोणपन्नास रुपये,
नाहीतर तीन जाहिराती बघा, लाट एक दिवस तुमची.
बघितल्या. लोन, रमी, केसांचं तेल.
मग रोज बघितल्या,
कारण रोज लाट ओसरायची.

एकेचाळीस जण खेळले.
शेजारची शिरीन, सहावीतली, म्हणाली,
काका, पाणी परवडलं,
मेले की तो रमीवाला येतो, तोच जात नाही.
ती मेली की कुणाला तरी पैसे मिळतात
हे मी तिला सांगितलं नाही.
मलाही मिळतात. दोनशे बारा साठलेत,
पाच हजार झाले की काढता येतील.
तोवर तिकडेच, धरणात.

खाली कोपऱ्यात माझं नाव, बारीक: प्रल्हाद गांगुर्डे.
त्यावर त्यांचा शिक्का, ठळक,
नेमका मारुतीच्या गुडघ्यावर.
वॉटरमार्क म्हणतात.
पुसायचा तर महिना चारशे नव्व्याण्णव.
नाशकात पाण्याची खूण कशाला म्हणतात
हे त्यांना कुणी सांगावं.

कुसुमआत्या घाटावर लसूण विकते.
तिला समजावलं तर म्हणाली,
म्हणजे जागा फुकट नि टोपली भाड्याने?
आमचा पावतीवाला बरा रे बाबा,
घेतो, पण समोर उभा राहून घेतो.

काल जाहिरात बघतानाच डोळा लागला.
उठलो तर फोन तापलेला
आणि बेचाळिसावा कुणीतरी येऊन गेलेला,
पावणेतीनला.
एकही बादली उचलली नाही त्याने.
नुसता पायरीवर उभा, सहा मिनिटं,
पाणी चढताना बघत.

कोण, ते कळायला प्रो घ्यावं लागतं.